‘क्षोभ’ की ‘संवेदन’? : एका व्याधिनामाची चिकित्सा

१

‘इरिटेबल बाउल सिंड्रोम’ या इंग्रजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्याधीचे वैशिष्ट्य असे, की तिचे निदान कोणत्याही यंत्राने होत नाही. ते रुग्णाच्या वाक्यांवरून होते. दुर्बिणीतून पाहिले असता आतड्याचे अस्तर निरोगी दिसते, क्ष-किरणाच्या चित्रात अडथळा आढळत नाही, रक्ताच्या तपासण्या निर्दोष येतात. आणि तरीही रुग्णाचे पोट वर्षानुवर्षे दुखत राहते, कधी जुलाब होतात, कधी शौचाला होत नाही. अन्य व्याधींत रुग्णाचे बोलणे ही तपासणीची केवळ सुरुवात असते. येथे ते बोलणे हाच मुख्य पुरावा होय. साहजिकच रुग्ण कोणत्या भाषेत बोलतो, वैद्य कोणत्या भाषेत ऐकतो आणि निदानाचे निकष कोणत्या भाषेत लिहिलेले आहेत, हा प्रश्न या व्याधीच्या बाबतीत गौण राहत नाही. तो निदानाचाच भाग बनतो.

हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्यात विशेष तीव्रतेने उभा राहतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे एकोणसत्तर टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांत भिली व पावरी, नवापूरकडे मावची व कोकणी, तापीच्या सपाटीवर अहिराणी व गुजरी, आणि शाळा, कचेरी व दवाखाना येथे प्रमाण मराठी, अशी येथील भाषिक रचना आहे. वैद्याची पाठ्यपुस्तके इंग्रजीत असतात. म्हणजे पोटातील एक वेदना निदानापर्यंत पोहोचण्यापूर्वी तिला दोन भाषांतरांतून जावे लागते. या भाषांतरांत काय टिकते व काय गळते याची चिकित्सा करावयाची, तर आरंभ व्याधीच्या नावापासूनच करणे युक्त ठरेल.

२

‘इरिटेबल’ या विशेषणाचे शब्दशः भाषांतर केले तर ‘चिडखोर आतडे’ असा शब्द हाती येतो. हा शब्द ऐकताच मराठी वाचकाच्या मनात स्वभावदोषाची कल्पना उभी राहते. मग दोष आतड्याकडून आतड्याच्या मालकाकडे सरकण्यास वेळ लागत नाही. वस्तुतः मूळ शब्दाचा शास्त्रीय इतिहास निराळा आहे. १७५२ साली ग्यॉटिंगेन येथे आल्ब्रेख्त फॉन हालर याने शरीराच्या तंतूंचे दोन धर्म वेगळे करून दाखविले. उद्दीपन मिळताच आकुंचन पावणे हा स्नायूचा धर्म, त्याला त्याने ‘इरिटेबिलिटी’ म्हटले. आणि उद्दीपनाची जाणीव पोहोचविणे हा चेतांचा, म्हणजे मज्जातंतूंचा धर्म, त्याला ‘सेन्सिबिलिटी’ म्हटले. पहिल्याला मराठीत ‘क्षोभ्यता’ व दुसऱ्याला ‘संवेदन’ म्हणता येईल. हालरच्या अर्थाने क्षोभ्यता हा दोष नव्हे; ते सजीव स्नायूचे लक्षण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्लरच्या १८९२ च्या ग्रंथात हा विकार मलाबरोबर पडणाऱ्या श्लेष्मावरून, म्हणजे लोक ज्याला शेम किंवा आव म्हणतात त्यावरून, ओळखला गेला. पुढे ‘आकुंचित आतडे’ या अर्थाची नावे प्रचारात आली. १९४४ साली पीटर्स व बार्गेन यांच्या लेखाच्या शीर्षकात आजचे नाव आढळते. १९६२ साली ऑक्सफर्ड येथील चौधरी व ट्रूलव्ह यांनी १३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हाही भर आतड्याच्या हालचालीवरच होता. या सर्व नावांमागे एकच गृहीत दिसते : आतड्याचा स्नायू अवेळी व अवाजवी आकुंचन पावतो, म्हणून वेदना होते. म्हणजे बिघाड हालरच्या पहिल्या धर्मात, क्षोभ्यतेत आहे.

या गृहीताला १९७३ साली रिची याच्या साध्या प्रयोगाने धक्का दिला. मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात एक लहान फुगा ठेवून त्यात हळूहळू हवा भरण्यात आली. साठ मिलिलिटर हवा भरली असता निरोगी व्यक्तींपैकी सुमारे सहा टक्क्यांना वेदना झाली. या व्याधीच्या रुग्णांपैकी पंचावन्न टक्क्यांना झाली. ताण तितकाच होता, जाणीव मात्र अनेकपट होती. यावरून प्रश्न केवळ स्नायूच्या आकुंचनाचा नसून, आकुंचनाची व ताणाची वार्ता वाहून नेणाऱ्या चेतांच्या उंबरठ्याचा आहे, असे दिसून आले. हालरच्या परिभाषेत बोलावयाचे तर दोष पहिल्या धर्मातून दुसऱ्या धर्मात गेला. नाव मात्र जुनेच राहिले. शास्त्र संवेदनाविषयी बोलते आणि नाव क्षोभाविषयी, ही विसंगती गेली पन्नास वर्षे चालू आहे, आणि भाषांतरात ती अधिकच बळावते. कारण मराठीत ‘क्षोभ’ व ‘चिडखोर’ हे शब्द शरीरापेक्षा मनाला अधिक लागतात.

३

संवेदनाचा हा उंबरठा खाली का येतो, याची उत्तरे अलीकडच्या संशोधनाने दिली आहेत. ती एक नसून अनेक आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे.

आतड्याच्या भिंतीत चेतांचे स्वतःचे जाळे आहे. मेंदूच्या आज्ञेवाचूनही ते अन्न पुढे ढकलू शकते. बेलिस व स्टार्लिंग यांनी १८९९ सालीच हे सिद्ध केले होते. या जाळ्याला वार्ता देण्याचे काम अस्तरातील विशिष्ट पेशी सेरोटोनिन या द्रव्याच्या साहाय्याने करतात. शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यात असते. ते किती स्रवते व किती लवकर परत शोषले जाते, यावर आतड्याची गती व जाणीव ही दोन्ही अवलंबून असतात. या व्याधीच्या अनेक रुग्णांत हा तोल ढळलेला आढळला आहे.

दुसरे कारण प्रतिकारसंस्थेचे आहे. बोलोन्या येथील बार्बरा व सहकाऱ्यांनी २००४ साली असे दाखविले, की या रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात मास्ट पेशी चेतातंतूंच्या निकट आढळतात, आणि त्या जितक्या निकट तितकी पोटदुखी अधिक. या पेशी हिस्टॅमिनसारखी द्रव्ये सोडतात व त्या द्रव्यांनी चेता अधिक तीव्र होतात. २०२१ साली लूव्हेन येथील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगात याची पुढची पायरी दाखविली. आतड्याचा संसर्ग झालेला असताना एखादे निरुपद्रवी अन्नप्रथिन पोटात गेले, तर प्रतिकारसंस्था त्या अन्नालाही शत्रू मानू लागते. संसर्ग ओसरल्यावर तेच अन्न पुन्हा दिले असता आतड्यातल्या आतड्यात मास्ट पेशी जागृत होतात व वेदना उत्पन्न होते. त्वचेवर किंवा रक्तात या अन्नाची ॲलर्जी दिसत नाही. ती घटना आतड्याच्या भिंतीपुरतीच मर्यादित राहते. ‘अमुक खाल्ले की पोट बिघडते’ असे सांगणाऱ्या आणि तपासणीत ‘निर्दोष’ ठरणाऱ्या रुग्णाच्या वाक्याला यामुळे एक शारीरिक आधार मिळाला.

तिसरे कारण पित्ताम्लांचे. ही अम्ले लहान आतड्याच्या अखेरीस पुन्हा शोषली जावयास हवीत. ती मोठ्या आतड्यात उतरली तर पाणी सुटते व जुलाब होतात. जुलाबप्रधान रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांशांत हा प्रकार आढळतो. चौथे कारण अन्नातील आंबणाऱ्या शर्करांचे. गहू, कांदा व लसूण यांतील फ्रुक्टन, कडधान्यांतील तत्सम शर्करा आणि प्रौढपणी लॅक्टेज कमी झालेल्या माणसाच्या बाबतीत दुधातील साखर ही लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव त्यांवर वायू निर्माण करतात. निरोगी माणसाच्या पोटातही हा वायू होतो. परंतु ज्याचा संवेदनाचा उंबरठा खाली आला आहे, त्याला तो वेदनेच्या रूपाने जाणवतो.

तात्पर्य, एकाच नावाखाली निदान चार निरनिराळ्या घटना वावरत आहेत. ‘सिंड्रोम’ म्हणजे लक्षणसमुच्चय, हा शब्द त्या दृष्टीने प्रामाणिक आहे. ‘इरिटेबल’ हे विशेषण मात्र नाही.

४

आता निकषांकडे वळावयाचे. रोम येथे सुरू झालेल्या विचारविनिमयातून या व्याधीचे निकष वेळोवेळी ठरविण्यात आले. २००६ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘वेदना किंवा डिस्कम्फर्ट’ असा पर्याय होता. २०१६ सालच्या चौथ्या आवृत्तीतून दुसरा शब्द गाळण्यात आला. आता पोटात वेदना हवी; ती गेल्या तीन महिन्यांत सरासरीने आठवड्यातून निदान एक दिवस हवी; आणि तिचा संबंध शौचाशी, शौचाच्या संख्येतील बदलाशी किंवा मलाच्या स्वरूपातील बदलाशी, यांपैकी निदान दोहोंशी हवा. शब्द गाळण्याचे जे कारण निकषकर्त्यांनी दिले, ते भाषाभ्यासकांनी मुद्दाम नोंदवावे असे आहे : त्या शब्दाचा अर्थ संदिग्ध असून काही भाषांत त्याला प्रतिशब्दच नाही. एका व्याधीच्या व्याख्येतून एक शब्द भाषेच्या कारणास्तव वगळला जावा, याची उदाहरणे वैद्यकात विरळाच असतील. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक संकलनानुसार तिसऱ्या आवृत्तीच्या निकषांनी जगात या व्याधीचे प्रमाण ९.२ टक्के भरते, चौथ्या आवृत्तीच्या निकषांनी ३.८ टक्के. वेदनेची वारंवारता वाढविल्याचाही यात वाटा आहे; तथापि शब्द बदलताच व्याधिग्रस्तांची संख्या निम्म्याहून खाली येते, ही गोष्ट शिल्लक राहते.

मराठीच्या बाजूने पाहता हा निर्णय अर्धा बरोबर व अर्धा चुकीचा ठरतो. ‘डिस्कम्फर्ट’ला मराठीत सामान्यतः ‘अस्वस्थता’ म्हटले जाते, आणि अस्वस्थ होते ते मन. पोटाविषयी कोणी ‘अस्वस्थ आहे’ असे सहसा म्हणत नाही. म्हणून शब्द गाळला हे ठीकच झाले. परंतु त्या शब्दाने जो अनुभव सुचवावयाचा होता तो मराठीत अनुपस्थित आहे असे मुळीच नाही. पोट जड होते, फुगते, डब्ब होते, गुबारा धरतो, कोठा साफ होत नाही. येथे अभाव शब्दाचा नाही, एका सामान्य शब्दाचा आहे. विशिष्ट शब्द मुबलक आहेत.

जो शब्द राखला त्या ‘वेदने’चीही स्थिती अशीच आहे. मराठीत पोटाची वेदना एक नाही. ‘कळ’ येते व जाते. तिच्यात लाटेची कल्पना आहे. ‘शूळ’ टोचतो. ‘मुरडा’ हा शब्द तर विशेष विचारार्ह आहे. मुरडा म्हणजे केवळ पिळवटणारी वेदना नव्हे. शौचाची घाई घेऊन येणारी, शौच झाल्यावर बहुधा शमणारी किंवा पुन्हा बसावयास लावणारी वेदना. निकषांनी ‘वेदना’ आणि ‘शौचाशी संबंध’ अशी जी दोन कलमे केली आहेत ती या एका शब्दात एकत्र नांदतात. ज्या वैद्याला ‘मुरडा येतो’ हे वाक्य ऐकू आले आणि ज्याने त्याची नोंद ‘पोट दुखते’ अशी केली, त्याने निदानाचा अर्धा पुरावा लिहिता लिहिता पुसला असे म्हणावे लागेल.

बद्धकोष्ठाचा दाखला याहून बोलका आहे. भारतीय जठरांत्रविज्ञान संस्थेच्या कृतिगटाने २००८ साली देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली. तीत समाजातील या व्याधीचे प्रमाण ४.२ टक्के आढळले. त्याच पाहणीत असे दिसून आले, की आपणांस बद्धकोष्ठ आहे असे सांगणारे रुग्ण पुष्कळ होते, परंतु आठवड्यातून तीनहून कमी वेळा शौचास जाणारे फारच थोडे. पाश्चात्त्य निकषाने पाहिले तर रुग्णांचे म्हणणे खोटे ठरावे. परंतु येथील बोलीत बद्धकोष्ठ हा संख्येचा शब्दच नव्हे. तो ‘पोट साफ न होण्या’चा शब्द आहे. दिवसातून दोनदा जाऊनही कोठा मोकळा झाला नाही, असे माणूस म्हणू शकतो, आणि गुदाशयाचे संवेदन तीव्र झाले असता रिता गुदाशयही भरल्यासारखा जाणवू शकतो. रुग्ण संवेदनाविषयी सांगत होता. निकष त्याला संख्या विचारीत होता.

५

या व्याधीविषयी सर्वांत अधिक अन्याय ‘हे सगळे मनाचे आहे’ या एका वाक्याने झाला आहे. भाषेनेही त्याला हातभार लावला आहे, कारण मराठीत भावनांचे एक मोठे ठाणे पोट हेच आहे. भीतीने पोटात गोळा येतो, मायेने आतडे तुटते, दुःखाने आतड्याला पीळ पडतो, मत्सराने पोटशूळ उठतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अतिसाराच्या सहा प्रकारांत भयज व शोकज असे दोन प्रकार स्वतंत्र सांगितले आहेत, आणि त्यांच्या उपचारात वातहर उपायांबरोबर रुग्णाला आनंदित करणे व धीर देणे यांचाही समावेश आहे. प्राचीन वैद्यांना आजचे शास्त्र अवगत होते असा याचा अर्थ करणे अनैतिहासिक होईल. परंतु भयज अतिसार हाही अतिसारच, आणि तो चिकित्सेस पात्र, एवढे त्यांच्या वर्गीकरणात निःसंशय आहे. ‘मनामुळे’ आणि ‘मनाचे’ यांतला विभक्तीचा फरक त्यांनी राखला होता.

आधुनिक संशोधनही त्याच फरकावर येऊन ठेपते. ऑस्ट्रेलियातील एका समाजगटाचा बारा वर्षे पाठपुरावा करून २०१२ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांत दोन्ही दिशा आढळल्या. आरंभी पोट निरोगी पण चिंता अधिक असलेल्यांपैकी काहींना पुढे पोटाचा विकार जडला. आणि आरंभी मन स्वस्थ पण पोटाचा विकार असलेल्यांपैकी काहींना पुढे चिंता जडली. २०२१ साली त्रेपन्न हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात सहा स्थाने निश्चित करण्यात आली; त्यांपैकी बहुतेकांचा संबंध चिंता व मनःस्थितीच्या विकारांशीही आहे. संशोधकांचे म्हणणे असे, की एक दुसऱ्याचे कारण आहे असे यावरून सिद्ध होत नाही. दोहोंच्या मुळाशी चेतांचे समान मार्ग असावेत. २०१६ च्या निकषांनी ‘कार्यात्मक विकार’ हे जुने वर्गनाम मागे सारून ‘आतडे व मेंदू यांच्या परस्परव्यवहाराचे विकार’ हे नाव स्वीकारले, ते याच कारणास्तव.

६

नंदुरबारच्या संदर्भात या विवेचनाचे महत्त्व कोठे आहे? पहिली गोष्ट संसर्गाची. चौधरी व ट्रूलव्ह यांच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांशांचा विकार हगवणीनंतर सुरू झाला होता. कॅनडातील वॉकर्टन या गावी मे २००० मध्ये पिण्याचे पाणी दूषित होऊन सुमारे २,३०० लोक आजारी पडले व सात दगावले. दोन-तीन वर्षांनी तपासले असता ज्यांना त्या वेळी निश्चित लागण झाली होती त्यांच्यापैकी सुमारे छत्तीस टक्क्यांत ही व्याधी होती. ज्यांना लागण झाली नव्हती त्यांच्यात दहा टक्के. आठ वर्षांनीही फरक कायम होता. वॉकर्टनला हे एकदा घडले. सातपुड्याच्या ज्या पाड्यांवर पावसाळ्यात झऱ्याचे व नाल्याचे पाणी प्यावे लागते, नर्मदाकाठच्या ज्या गावांना दवाखाना बोटीतून येतो, तेथे हगवण हा वार्षिक अनुभव आहे. हगवण थांबली म्हणजे वैद्यकाच्या नोंदवहीत प्रकरण मिटते; आतड्याच्या भिंतीतील मास्ट पेशींच्या लेखी ते मिटलेले नसते.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. या जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेल विकार मोठ्या प्रमाणावर आहे, आणि त्याच्या झटक्यातही पोट तीव्रतेने दुखते. आतड्याचा क्षय, अमीबाजन्य आव व कृमी हीही पोटदुखीची कारणे आहेत. शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे, ताप येणे, झोपेतून उठविणारे जुलाब अथवा रक्तक्षय ही लक्षणे असता येथे चर्चिलेल्या नावाचा आश्रय घेणे घातक ठरेल. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी संभवते : खऱ्या विकाराला ‘काही नाही’ म्हणणे, आणि अधिक गंभीर विकाराला हे सौम्य नाव देणे. दोन्ही चुका टाळण्याचा पहिला उपाय म्हणजे रुग्णाचे वाक्य नीट ऐकणे.

येथेच भाषेची अडचण पुन्हा उभी राहते. अहिराणीतला ‘पोट दुखस’ हा प्रयोग प्रमाण मराठीला इतका जवळचा आहे की वैद्याला आपण सर्व समजलो असे वाटावे. पावरी किंवा मावची बोलणारी स्त्री तर दवाखान्यात येताच आपली भाषा बाजूला ठेवून मोडक्या मराठीत ‘पोट दुखते’ एवढेच म्हणते, कारण मराठीतले तेवढेच वाक्य तिला ठाऊक असते. तिच्या भाषेतील वेदनांचे प्रकार दवाखान्याच्या दारातच राहतात. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, भिली व खानदेशी बोलींची व्याकरणे व नमुने छापले गेले. त्या नमुन्यांतून क्रियापदांची रूपे मिळतात. कोणत्या वेदनेला कोण काय म्हणतो हे मिळत नाही, आणि ते मिळविणे हे त्या सर्वेक्षणाचे कामही नव्हते. ते काम आज भाषाविज्ञानाच्या विभागांचे आहे.

प्रश्नावलीचे भाषांतर करून ते उलट भाषांतराने पडताळावे, ही प्रचलित पद्धत यासाठी अपुरी आहे. उलट भाषांतरात ‘वेदना’ हा शब्द सुखरूप परत येतो. पण मुरडा, कळ व गुबारा मुळात गेलेच नसल्यामुळे त्यांच्या अनुपस्थितीची कोणासच दाद लागत नाही. प्रथम बोलीतील शब्द गोळा करावे. प्रत्येक शब्दाबरोबर वेदनेची जागा, वेळ, अन्नाशी व शौचाशी असलेला संबंध विचारावा. नंतरच निकषांशी तुलना करावी. अमुक शब्द म्हणजे अमुक यंत्रणा असे समीकरण यातून मिळणार नाही, आणि तसा आग्रह धरणे अशास्त्रीय होईल. परंतु कोणता रुग्ण मुरड्याविषयी बोलतो, कोणता फुगण्याविषयी आणि कोणता कोठा मोकळा न होण्याविषयी, एवढे जरी वेगळे झाले, तरी पित्ताम्ले तपासावयाची, अन्नात बदल सुचवावयाचा की चेतांच्या संवेदनावर उपचार करावयाचा, या निर्णयाला दिशा मिळेल.

राहता राहिले नाव. ‘अतिसंवेदी आतडे’ हे नाव ‘चिडखोर आतडे’ या नावापेक्षा अधिक बरोबर आहे, कारण ते दोष स्वभावात न ठेवता चेतांत ठेवते. तेही पूर्ण नाही. संवेदनाचा उंबरठा सर्वच रुग्णांत खाली आलेला नसतो. तथापि अपुऱ्या दोन नावांतून निवड करावयाची असता, ज्या नावामुळे रुग्णाला स्वतःविषयी लाज वाटणार नाही ते निवडावे. नंदुरबार येथे २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. तेथील विद्यार्थ्यांना धडगावच्या रुग्णाचे पोट तपासावयास शिकविले जाईलच; ‘पोट दुखते’ या उत्तरानंतर ‘कसे दुखते, तुमच्या बोलीत सांगा’ हा पुढचा प्रश्न विचारण्याची सवयही त्याच वेळी लावावयास हवी.